राजगडासाठी पिशवी

पुणे, ३ नोव्हेंबर १९३४

ती. आज्जीस मायाप्पाचा साष्टांग नमस्कार.

बातमी अशी की, सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत कवाईत-मास्तरची एक जागा निघाली आहे. आमच्या ट्रेनिंग कॉलेजातून एकालाच पाठवणार आणि मागणारे आम्ही अकरा जण. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, कवाईत शिकवणाऱ्यानं आधी स्वतः चालून दाखवावं. म्हणून दर रविवारी सिंहगड, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. खरी परीक्षा १५ डिसेंबरला. सिंहगडावरून डोंगराच्या धारेनं राजगड, एक मुक्काम गडावर, दुसऱ्या दिवशी माघारी. पाठीवर वीस पौंड वजन. कोण वेळेत येतो, कुणाचं सामान कोरडं राहतं, कुणाची पाठ शाबूत राहते, ते बघून नाव ठरणार.

जागा मिळाली तर मी घरी येतो. तुला आता सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतं, असं शेजारच्या भिमा मोच्यानं कळवलं. तू कळवलं नाहीस. जागा नाही मिळाली तर कुठे टाकतील सांगता येत नाही. धुळ्याचं नाव ऐकतो.

पाठीवर घ्यायची चांगली पिशवी पाहिजे. इथल्या बाजारातल्या बऱ्या पिशव्या बाकीच्यांनी आधीच उचलल्या. आपल्या मंगळवार बाजारात लष्कराचा जुना माल येतो. भिमाला सोबत घेऊन बघशील का? कॅनव्हासची, दोन पट्ट्यांची असावी.

तू दिलेलं घोंगडं ट्रंकेत लिंबाचा पाला घालून जपून ठेवलं आहे.

तुझा,
मायाप्पा


सोलापूर, १४ नोव्हेंबर

मायाप्पा,

आशीर्वाद हाय, तो वरच्या वर घे. दुसऱ्याच्या घरचे डोळे मोजायला भिमाला कुणी सांगितलं व्हतं? मला दिसतंय. गिरणीची चिमणी दिसती, तिचा धूर दिसतोय. तुझ्या पाटीवर जी चार अक्षरं शिकले ती अजून काढती, बघ की.

काल बाजारात गेले. चाळीस वर्सं मेंढरं राखली, मेंढराच्या खुरातले किडे बोटानं काढले, पर असली घाण बघितली न्हाय.

चनबसप्पा जुना माल इकतो. त्यानं पहिली काढली ती गोऱ्या सोजिराची. "यव्वा, ह्या पिशवीनं लढाई बघितलीया." म्हणलं, लढाई बघितली असंल, पाणी बघितलं न्हाय. आत हात घातला तर बोटाला चिकट लागलं. बाहेर काढून वास घेतला. डब्यातलं मटण कुजलेलं. खाली एक फणी, फणीत पिवळी केसं. आन् पट्टा एकच. असली पिशवी ढुंगणावर आपटत आपटत तू डोंगर चढणार? मी तितंच थुकले. चनबसप्पा म्हणला, "थुकू नका यव्वा, गिऱ्हाईक बघतंय." म्हणलं, बघू दे, त्याचं भलं हुईल.

दुसरी कातड्याची, कुण्या साहेबाच्या शिकारीची. आत तितराची पिसं, रगात वाळून काळं झालेलं, आन् झुरळाची अंडी. भिमा म्हणतो, "मावशी, कातडं चांगलं हाय." त्याला कातड्याशिवाय काय दिसतंय? मढ्याचं सुद्धा कातडंच बघंल तो.

तिसरी नवी, कॅनव्हासची, दोन पट्ट्यांची, तू म्हणतोस तसली. पाणी शिरू नये म्हणून वरनं चरबी चोळलेली. कसली चरबी म्हणून इचारलं तर चनबसप्पा आकाशाकडं बघतोय. मुंग्यांची रांग लागलेली. पट्टे बोटभर रुंदीचे, वर लोखंडाचा आकडा. दहा पावलांत खांदा कापंल.

वीस पौंड म्हंजी दहा शेर, भिमानं सांगितलं. दहा शेर म्हंजी दोन महिन्यांचं कोकरू. कोकरू आमी कसं न्यायचो? कमरंला लटकवून न्हाय. तसं नेलं तर दोन कोसांत माणूस वाकडा आन् कोकरू अर्धमेलं. घोंगड्याच्या खोळीत घालून दोन खांद्यांच्या मधी, मानंच्या खाली, पाठीला चिकटून. वझं वर पायजे, खाली न्हाय. पट्टा चार बोटं. कमरंला एक दोरी, म्हंजी वझं हिकडं तिकडं नाचत न्हाय. एवढं तुमच्या साहेबाच्या पुस्तकात लिवलंय का?

ट्रंकेतलं घोंगडं काढ की. त्याची खोळ कर.

राजाबाई


पुणे, २० नोव्हेंबर

ती. आज्जीस,

तुझं पत्र वाचलं. परवा सिंहगडाला एकाची पिशवी मागून नेली. एकाच पट्ट्याची होती. तू म्हणालीस तसंच झालं, कमरेचं हाड सोलून निघालं आणि मी सातवा आलो. सातवा येऊन भागणार नाही.

घोंगड्याचं म्हणशील तर इथे तसं चालत नाही. घोंगड्याची खोळ घेतलेला माणूस दिसला की पोरं मेंढरासारखं ओरडतात. मास्तर व्हायला आलेल्या माणसाला ते शोभत नाही. ते ट्रंकेतच बरं.

तुला कॅनव्हासची बरी मिळाली नाही तर दुसरं काहीही चालेल, फक्त पिशवीसारखी पिशवी दिसली पाहिजे. दिवस थोडे राहिले.

हे पत्र माझ्या खोलीतला वेणीमाधव टपालात टाकतो आहे. बार्शीचा आहे. वडील कोर्टात कारकून. स्वभावानं गरीब.

मायाप्पा


सोलापूर, २७ नोव्हेंबर

मायाप्पा,

पोरं मेंढरासारखी ओरडतात म्हंजी पोरांना मेंढराचं ओरडणं येतंय. बरं हाय. तू काय केलंस? खाली बघितलंस?

पिशवी केली. चार दिवस लागले. काळी लोकर घेतली, धुतली न्हाय. धुतली की लोकरीची चरबी जाती आन् मग ती पाणी पिती. न धुतलेलीवरनं पाणी घरंगळतंय. वास येणार. येऊ दे. सोजिराच्या मटणापरास मेंढीचा वास लाख पटीनं सोवळा. पट्टी इणून दुमडली, बाजू दुहेरी शिवल्या. तोंड वर, वरनं झाकण. पट्टे चार बोटांचे, आतनं लोकर भरली. पट्टे बसवायला भिमा. टाके त्यानं मोजून घातले आन् मी बोटानं मोजून घेतले, दोन कमी निघाले, ते परत घालून घेतले. लई कुरकुरला.

मग दहा शेर जोंधळं भरून ती भिमाच्या पाठीला बांधली आन् त्याला तळ्याला येढा घालायला लावला. आल्यावर सदरा वर करून पाठ चाचपली. वळ न्हाय. भिमा म्हणतो, "मावशी, जोंधळं मला ठिवा." न्हाय ठिवलं.

पिशवीसारखी पिशवी दिसती, घाबरू नको. शुक्रवारी पार्सल करती.

राजाबाई


पुणे, २८ नोव्हेंबर

गं. भा. राजाबाई आजी यांना वेणीमाधवाचा सादर नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. मी मायाप्पाच्या खोलीत राहतो. त्यानं टपालात टाकायला दिलेल्या पाकिटावर आपला पत्ता पाहिला म्हणून धीर करून लिहितो आहे. त्याला हे ठाऊक नाही. घरच्यांना परस्पर तसदी दिली म्हणून तो रागावेल.

आपला सोलापुरात लोकरी मालाचा कारखाना आहे, असं मायाप्पाकडून कळलं. तो घरचं फारसं बोलत नाही, एवढंच एकदा म्हणाला होता. आमच्या खोलीच्या दारात आपल्याकडचं एक काळं लोकरीचं पायपुसणं आहे. दोन पावसाळे झाले, वसतिगृहातली पंधरा-वीस मुलं त्याला चिखलाचे पाय पुसतात, पण एक धागा सुटलेला नाही. असा टिकाऊ माल मी पाहिला नाही. आमच्या बार्शीच्या घरी ओटीवर टाकायला तसंच एक पाठवता येईल का? थोडं लहान असलं तरी चालेल. किंमत कळवावी.

त्रासाबद्दल क्षमा असावी.

आपला,
वेणीमाधव


सोलापूर, ३० नोव्हेंबर

वेणीमाधव,

आमचा कारखाना न्हाय. आमी धनगर. पायपुसणी आमी करत न्हाय.

तुजं पत्र दोनदा वाचून घेतलं, एकदा मी, एकदा भिमाच्या पोरीकडनं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचती.

तू कुणाचा कोण, पर आमच्या लोकरीला बरं म्हणालास. सोबत पिशवी पाठवती. डोंगराला जाताना पाठीवर घे. पैसे पाठवू नको. पाठवलेस तर परत पाठवंन.

राजाबाई


सोलापूर, ३० नोव्हेंबर

मायाप्पा,

आशीर्वाद न्हाय.

ट्रंक. लिंबाचा पाला. दोनदा लिवलंस. एकदा लिवलं असतंस तर म्हणले असते पोरगं घाबरलं.

ते घोंगडं सात हातांचं. दोन वर्सांची लोकर. तुझ्या बापाच्या अंगावर व्हतं, तो गेल्यावर त्याच्यावरनं काढून नदीत धुतलं, वाळवलं, आन् तुला दिलं, कारण चांगलं व्हतं. आमच्यात घोंगडं हांतरलं की त्याच्यावर पंच बसतात. त्याच्यावर बसून माणूस खोटं बोलायला भितो. तू त्याच्यावर पोरांना पाय पुसायला लावलंस. कुणाकुणाचे पाय? संडासातनं आलेले? बोलवत न्हाय.

कारखाना. मेंढरागत ओरडतात म्हणून तू कारखाना काढलास व्हय रं. मला कशाचीच किळस येत न्हाय, मेलेलं मेंढरू सोलते मी, पर काल जेवण गेलं न्हाय.

पिशवी त्या वेणीमाधवाच्या नावानं पार्सल केली. त्यानं आमच्या लोकरीला पायपुसणं म्हणलं, पर चांगलं पायपुसणं म्हणलं. तू तेवढंसुद्धा म्हणला न्हाईस. तो तुझ्या अकरांतला हाय का न्हाय मला ठाऊक न्हाय. असला तरी असू दे.

तुला पिशवी पायजे ना? दारात पडलीया. उचल. नदीवर ने, रिठ्यानं धू, सगळ्यांच्या देखत. कुणी इचारलं तर सांग कुणाचं हाय. मग काप आन् शीव. कसं शिवायचं ते मागच्या पत्रात लिवलंय. भिमा न्हाय तितं, तुझे टाके तू मोज.

राजाबाई


पुणे, ४ डिसेंबर

ती. आज्जी,



तुझं पत्र आलं त्या सकाळीच वेणीमाधवाचं पार्सल आलं. त्याला काही उमजेना. मी त्याला सगळं सांगितलं. पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाला, "ही तुझी रे, मला नको." मी म्हणालो, "तिनं तुला दिली आहे. मी घेतली तर ती मला जन्मात दारात उभं करणार नाही." खरंच आहे ना ते?

रविवारी मुठेवर गेलो. घोंगडं धुतलं. चार वेळा पाणी काळंकुट्ट निघालं, पाचव्यांदा तपकिरी. काठावर वसतिगृहातली दहा-बारा जणं उभी होती. एकानं विचारलं, "काय रे, कारखान्यात पाणी नाही का?" मी म्हणालो, "कारखाना नाही. आमची मेंढरं होती. हे माझ्या बापाचं घोंगडं आहे." कोणी ओरडलं नाही. एक जण ओरडायला गेला होता, पण मधेच थांबला. का ते कळलं नाही.

कापलं आहे. शिवतो आहे. बोटं सोलून निघाली. धुऊन ते फार मऊ पडलं आहे, पाठीवर चिंधीसारखं लोंबतं. चिंचोक्याची खळ देऊन ताठ करावं म्हणतो. नव्या घोंगड्याला तू देत होतीस तशी.

मायाप्पा


सोलापूर, ७ डिसेंबर (कार्ड)

खळ देऊ नको. नव्याच्या सुताला खळ देतात, इणताना धागा तुटू नये म्हणून. जुन्याला दिली तर रातच्या दहिवराच्या ओलीनं सुटती. लोंबलं तर लोंबू दे. आतनं काठी घाल, ताठ राहील. खळ देऊ नको.

राजाबाई


पुणे, १९ डिसेंबर

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार.

निकाल लागला. आधी कसं झालं ते सांगतो.

तुझं कार्ड मला अकरा तारखेलाच मिळालं. तरीही मी खळ दिली. दोनदा दिली, जाड दिली. खळीनं ती छान चौकोनी उभी राहिली, कॅनव्हासची वाटावी अशी. आरशात पाठ बघितली आणि वाटलं, आता कोण काय म्हणेल. नदीवर सगळं सांगून झालं होतं, तरीही वाटलं.

पहिला दिवस चांगला गेला. वझं वर, कमरेला दोरी, तू सांगितलंस तसं. मी तिसरा होतो आणि दमलो नव्हतो. राजगडावर मुक्काम पडला आणि धुकं आलं. पहाटे उठलो तर पिशवी बसली होती. खळ सुटून बुळबुळीत झाली होती, हाताला शेंबडासारखी लागत होती. आत मुंग्या. भाकऱ्या ओल्या, कपडे ओले, सगळ्याला चिंचोक्याचा आंबूस वास. पाठीवर घेतली तर पट्टे लांबत गेले, वझं कमरेवर आलं. उतरताना दोनदा सोडून बांधली. सहावा आलो.

वेणीमाधव दुसरा आला. त्याचं सामान कोरडं, पाठीवर ओरखडा नाही. पहिल्या आलेल्यानं ऐन वेळी साताऱ्याची जागा मागून घेतली. सोलापूर वेणीमाधवाला मिळालं.

तो त्या अकरांतला होता. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं तर तू त्याला शिव्या घालशील असं वाटलं. तो साहेबांकडे जाऊन म्हणाला, "पिशवी मायाप्पाच्या आजीनं केली आहे, जागा त्याला द्या." साहेब म्हणाले, "आजीला चालायला सांगितलं नव्हतं."

मला धुळे मिळालं. एक तारखेला रुजू व्हायचं. मी नाही म्हणू का? सोलापुरात गिरणीत काहीतरी मिळेल. तू सांगशील तसं.

मायाप्पा


पुण्याच्या पत्त्यावर तार, २२ डिसेंबर

धुळ्याला जा. गिरणीचं नाव काढू नको. राजाबाई


सोलापूर, १३ जानेवारी १९३५

मायाप्पा,

हे अक्षर वेणीमाधवाचं हाय. माझं आता कागदावर नीट उमटत न्हाय, उगा शाईचा नास. त्याला बजावलंय, मी बोलती तसं लिही, सुधारू नको. सुधारलं तर मला कळणार न्हाय, पर तुला कळंल.

आज सकाळी हा दारात आला. हातात पिशवी आन् पेढे. पेढे! म्हणलं, कशाचे? म्हणतो, "आईनं दिले." म्हणलं, ठेव तिकडं कोनाड्यात, भिमा खाईल, त्याला कसलीच लाज न्हाय.

पिशवी परत द्यायला आला व्हता. घेतली न्हाय. म्हणलं, पाठ फिरव. सदरा वर कर. लाजला, पर केला. खांद्यापासनं कमरंपतूर हात फिरवून बघितलं. कुटं गाठ न्हाय, कुटं वळ न्हाय. पिशवी चांगली झाली व्हती. ती एवढी चांगली झाली, ह्याचीच मला तिडीक आली. भिमानं दोन टाके कमी घातले व्हते तेच ऱ्हाऊ दिले असते तर बरं झालं असतं.

आता ऐक. ह्यातली निम्मी घाण तुझी. खळ दिलीस, मी नको म्हणत असताना दिलीस, आरशात पाठ बघायला. निम्मी माझी. राग आला तर आठ दिवस गप बसावं, मग पार्सल करावं. मी त्याच दिशी केलं. तू घरी यायचास ते मी माझ्या हातानं बांधून, वर सुतळी घालून, टपालात टाकलं. ह्या पोराची काई चूक न्हाय. तो पायपुसणं मागत व्हता.

इथं तो थांबला. म्हणतो, "आजी, हेही लिहायचं?" म्हणलं, तुला मास्तर केलाय ना सरकारनं? लिही.

आता म्हणतो, शाळा सुटली की रोज येऊन पाणी भरून देतो, तुझी पत्रं वाचून दाखवतो. भला हाय. मला त्याच्या भलेपणाची शिसारी येती. रोज संध्याकाळी दारात हा दिसणार, म्हंजी दिसणार न्हाय, पायाचा आवाज येणार, आन् रोज मला कळणार की हे तू असायला पायजे व्हतास. असलं रोज कोण सहन करंल? हे पण लिही म्हणलं. लिहितोय. नाक वढतोय. पोरगी हाय नुसती.

ह्या गावात मला धरून ठेवायला काय हाय? मेंढरं भावकीतल्या ज्ञानबाच्या थोरल्या पोराला दिली. धूर सगळीकडं सारखाच, मला तर आता धूर सोडून काई दिसत न्हाय. पाणी खारट, भिमा बोलका, चनबसप्पा लबाड.

मी धुळ्याला येती. दौंडाला गाडी बदलायची, मनमाडाला बदलायची, चाळीसगावला बदलायची, हे ह्या पोरानं वेळापत्रकातनं काढून दिलं. मनमाडपतूर भिमा सोबत येतो, त्याचा मेव्हणा हाय तितं. पुढं कुणाला तरी हाताला धरंन. कुणी न्हाय धरलं तर वरडंन. मला वरडायला येतंय.

तुला इचारत न्हाय, सांगती. माघी पुनवंला चाळीसगावच्या गाडीवर ये. खोली घेतली असशील तर सोड, घेतली नसशील तर नीट बघ. जमिनीवरची पायजे. जिना चढायला मी शेळी न्हाय. वर नेलीस तर स्टेशनावरच हांतरून बसंन, आन् येणाऱ्या जाणाऱ्याला सांगंन मी कुण्या मास्तराची आज्जी ते.

राजाबाई